"झेडपीवाली" म्हणून वर्ग हसतो, गणितात सात मार्क पडलेत. मराठीच्या तुकडीत जाऊ का?

ताई, नमस्कार.

मी यंदा आठवीला गेले. सातवीपर्यंत आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वर्गात आम्ही अकरा जण आणि पहिलीपासून माझा नंबर पहिला. गुरुजींना दोन वर्ग सांभाळायला लागायचे, म्हणून ते मला चौथीच्या पोरांचं वाचन घ्यायला बसवायचे. जूनपासून मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला जाते. सकाळी नऊची एसटी, घरी यायला पावणेसात होतात. इथं आठवीच्या चार तुकड्या आहेत. सातवीला मार्क चांगले म्हणून मला सेमीत घातलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. वर्गात चौसष्ट जण आहेत.

घटक चाचणीत गणितात वीसपैकी सात पडले, विज्ञानात नऊ. इतिहासात अठरा पडले, पण त्याचं कुणाला काही नाही. गणिताच्या पेपरात चार मार्कांचं आकृतीचं गणित मी कोरं सोडलं. घरी येऊन चुलतभावाच्या मराठी पुस्तकात बघितलं तर ते मला येत होतं. गणिताचे सर खेड्यातून आलेल्यांना "झेडपीवाले" म्हणतात, मग सगळे हसतात. माझं नाव अजून कुणाला माहीत नाही, "ए, तिसरा बेंच" म्हणतात. माझ्याच गावची मैत्रीण आता पुढच्या बेंचवरच्या मुलींत बसते. आठवीला आता नापास करतात, असंही ऐकलं.

घरी मार्क सांगितलेले नाहीत. बाबा सगळ्यांना सांगतात, माझी पोरगी सेमीला आहे. मी मराठीच्या तुकडीत जाऊ का? का मी हुशार नव्हतेच? शाळेत मी पाणी पीत नाही, कारण बाथरूमला जाता येत नाही. दुपारी डोकं दुखतं आणि तेव्हाच गणिताचा तास असतो.

– एक विद्यार्थिनी, ता. माण, जि. सातारा

बाळ,

तुझ्या पत्राचा शेवट मी सगळ्यात आधी घेते. पाण्याचं तू जाता जाता लिहिलंयस, पण मला तेच सगळ्यात तातडीचं वाटतं. नऊला घर सोडल्यापासून पावणेसातपर्यंत तू पाणी पीत नाहीस. एवढा वेळ शरीराला पाणी मिळालं नाही की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, डोळ्यांवर झापड येते. लघवी तासन्‌तास दाबून ठेवली तर जळजळ आणि संसर्ग होऊ शकतो. पाळीच्या दिवसांत तर ही अडचण आणखी वाढते. अशा अवस्थेत तू गणिताच्या तासाला बसतेस आणि मग स्वतःच्या डोक्याला दोष देतेस.

बाथरूमला का जाता येत नाही ते तू लिहिलेलं नाहीस. दाराला कडी नसेल, पाणी नसेल, घाण असेल किंवा मधल्या सुट्टीत मोठी रांग असेल. खेड्यापाड्यातल्या आणि शहरातल्याही मुलींनी मला यातलं प्रत्येक कारण सांगितलेलं आहे. कारण कुठलंही असो, उद्यापासून दोन गोष्टी कर. घरून पाण्याची बाटली ने आणि थोडं थोडं पीत राहा. आणि मधल्या सुट्टीत गर्दी असेल तर तास चालू असताना बाईंना विचारून जा, सोबत एकीला घेऊन जा, ती दाराशी उभी राहील. त्यासाठी जिवाभावाची मैत्रीणच लागते असं नाही. शेजारच्या बेंचवरच्या कुठल्याही मुलीला "येतेस का?" म्हणून बघ. ती हो म्हणेल, कारण तिचीही तीच पंचाईत झालेली असणार.

नंतर हे वर्गशिक्षिकेच्या कानावर घाल. वर्गशिक्षक सर असतील तर शाळेतल्या कुठल्याही बाईंना सांग. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्यात २००९ सालीच लिहिलेलं आहे. तेव्हा हे मागताना लाजायचं कारण नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश लोक पालकच असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. शिवाय मुलींच्या अडचणींसाठी राज्यातल्या शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायची आहे, तसा शासन निर्णय २०२२ साली निघाला. तुमच्या शाळेत ती कोणाकोणाची आहे ते बाईंना विचार. चार मुलींनी मिळून एका कागदावर "मुलींच्या बाथरूमला कडी आणि पाणी हवं" एवढं लिहून दिलं तरी पुरे आहे. तक्रारपेटी असेल तर त्या कागदाची एक प्रत तिच्यातही टाका.

आता मार्कांकडे येऊ.

तू स्वतःच लिहिलंयस, की कोरं सोडलेलं गणित घरी मराठी पुस्तकात बघितलं तर येत होतं. हे वाक्य लिहून तू पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. आठवीच्या गणितात दुसरंच प्रकरण समांतर रेषा आणि छेदिकेचं आहे. दोन समांतर रेषा, त्यांना छेदणारी तिसरी रेषा, एक आंतरकोन ७० अंशांचा दिलेला आणि बाकीचे काढायचे. त्याचा संगत कोन तेवढाच, म्हणजे ७०. त्याच बाजूचा दुसरा आंतरकोन १८० वजा ७०, म्हणजे ११०. हे तू तोंडी सांगशील. पण पेपरात त्याच रेषेला "ट्रान्सव्हर्सल" म्हटलेलं असतं, संगत कोनाला "कॉरस्पॉन्डिंग अँगल", एकरूपला "काँग्रुअंट", आणि कोनाचं माप काढा यासाठी "फाइंड द मेजर". चार ओळींच्या प्रश्नात चार शब्द अडले की मुलं सरळ पुढच्या प्रश्नाकडे जातात. तूही तेच केलंस. इतिहास तू मराठीतून लिहिलास आणि तिथे अठरा आणलेस. हे दोन्ही पेपर तुझ्याच हाताने लिहिलेले आहेत.

म्हणून आधी गणिताचा तो पेपर पुन्हा काढ आणि एकेका चुकीपुढे पेन्सिलीने लिही. प्रश्न काय विचारलाय तेच कळलं नाही, की प्रश्न कळला पण गणित सुटलं नाही, की सगळं बरोबर करून बेरीज-वजाबाकीत घोटाळा झाला. विज्ञानाच्या पेपरचंही असंच कर. माझा अंदाज आहे की पहिल्या प्रकारातच जास्त मार्क गेले असतील. तसं असेल तर तुझ्यासमोरचं काम मोजता येण्यासारखं आहे, आणि गणित येत नाही त्या मुलापेक्षा तुझं काम कितीतरी सोपं आहे. गणित सुटलंच नाही अशा चुका जास्त निघाल्या, तर तेही खरं मानायचं आणि त्या प्रकरणापुरतं सातवीचं पुस्तक काढून मागे जायचं. पण हे पेपर बघून ठरव, रडून झाल्यावर मनाने ठरवू नकोस.

तुझ्या चुलतभावाचं मराठी पुस्तक वर्षभर तुझ्याकडे ठेवायला मिळतं का बघ. तो यंदा आठवीतच असेल आणि ते त्याला लागत असेल तर एखाद्या नववीतल्या मुलाकडून गणित आणि विज्ञान अशी दोन्ही मराठी पुस्तकं माग. कुणाच्या मोबाइलवरून बालभारतीच्या संकेतस्थळावर गेलीस तर तिथेही ती फुकट मिळतात. बालभारतीचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक हे एकच पुस्तक असतं. धडे तेच, त्यांचा क्रम तोच, आकृत्या त्याच, सरावसंचाचे क्रमांकही तेच. वर्गात सरावसंच २.१ चालू असेल तर मराठीतही २.१ च उघडायचा. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेव. उद्या वर्गात जे होणार आहे ते आदल्या रात्री मराठीतून वाच. समजलं की तीच पानं इंग्रजीतून वाच, या वेळी फक्त शब्दांसाठी. शिकवून झाल्यावर वाचण्यापेक्षा आदल्या दिवशी वाचलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण सर भराभर बोलले तरी ते कशाबद्दल बोलतायत एवढं तुला आधीच ठाऊक असतं. विज्ञानाला तर हे फारच लागू पडतं. "बल व दाब" हा धडा मराठीतून नीट कळला की "फोर्स अँड प्रेशर" मधल्या अर्ध्याअधिक ओळी आपोआप उलगडतात.

एक छोटी वही कर, खिशात मावेल एवढी. एका बाजूला मराठी शब्द, समोर इंग्रजी. सगळ्यात आधी धड्यांतले शब्द लिहू नकोस, प्रश्नपत्रिकेतले लिही. ते पंधरा-वीसच असतात आणि दहावीपर्यंत तेच पुन्हा पुन्हा येतात. सिम्प्लिफाय म्हणजे सरळ रूप द्या. डिफाइन म्हणजे व्याख्या लिहा. डिस्टिंग्विश बिटवीन म्हणजे फरक स्पष्ट करा. गिव्ह रीझन्स म्हणजे कारणे द्या. शो दॅट म्हणजे दाखवा की, म्हणजे उत्तर आधीच दिलेलं आहे, तुला तिथपर्यंत पोचायचंय. स्टेट म्हणजे नुसतं सांगा, पानभर लिहीत बसायचं नाही. एवढे शब्द पक्के झाले की प्रश्न वाचताना पोटात येणारा गोळा निम्मा होतो. धड्यांतले शब्द रोज चार-पाच केलेस तरी दिवाळीपर्यंत बरेच होतील. संध्याकाळी स्टँडवर एसटीची वाट बघताना ही वही वाच, बस हलायला लागली की वाचू नकोस, मळमळतं.

आणखी एक, जे या चौसष्ट जणांतल्या फार थोड्यांनी केलेलं असेल. गुरुजी तुला चौथीच्या पोरांचं वाचन घ्यायला बसवायचे. दुसऱ्याला समजेल असं सांगायचा सराव तुला लहानपणापासून आहे आणि तो मोठा आहे. घरात किंवा शेजारी कुणी धाकटं असेल तर त्याला समोर बसवून संगत कोन समजावून सांग, आधी मराठीत, मग इंग्रजी शब्द घालून. कुणी नसेल तर भिंतीला सांग. सांगताना जिथे अडखळशील, तिथे तुला अजून नीट कळलेलं नाही असं समज. मी वर्गावर होते तेव्हा पाठांतर करणाऱ्या मुलांपेक्षा शेजारच्याला शिकवणारी मुलं पुढे गेलेली बघितली आहेत, आणि त्यातली कितीतरी दोन वर्गांना एक गुरुजी असलेल्या शाळांमधूनच आलेली होती.

आता गणिताच्या सरांचं. मुलांना "झेडपीवाले" म्हणून हाक मारणं आणि वर्गाला हसू देणं हे चूक आहे. त्यांनी ते गमतीनं म्हटलं असेल तरी चूक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलीस यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. या राज्यातल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पोरं अक्षर ओळखायला शिकली ती याच शाळांत. तुझे गुरुजी दोन वर्ग एकट्याने ओढत होते आणि तरीही तू इतिहासात वीसपैकी अठरा आणण्याइतकी तयार होऊन तिथून बाहेर पडलीस. एक मात्र सांगते. भर वर्गात सरांना उलट बोलू नकोस. तू घाबरावंस म्हणून सांगत नाही. चौसष्ट मुलांसमोर कुणीही मोठा माणूस माघार घेत नाही, म्हणून सांगते. वर्गशिक्षिकेला एकटं गाठ आणि शांतपणे सांग: "बाई, सर आम्हाला झेडपीवाले म्हणतात, मुलं हसतात, आम्हाला वाईट वाटतं." तुझ्यासारखी खेड्यातून आलेली दुसरी मुलं वर्गात आहेतच, त्यांतल्या दोघा-तिघांना सोबत ने. त्यानंतरही चालूच राहिलं तर पालक सभेत तुझ्या बाबांनी मुख्याध्यापकांकडे विषय काढावा.

याच सरांकडे तुला गणित विचारायलाही जायचं आहे आणि ते अवघड आहे, हे मला कळतं. तरी जा. तास संपल्यावर किंवा छोट्या सुट्टीत, वही उघडून, एकच गणित घेऊन जा. "सर, मला काहीच समजत नाही" असं म्हणू नकोस, त्यावर कुणाला काही करता येत नाही. असं म्हण: "सर, २.२ मधलं तिसरं मी इथपर्यंत केलंय, पुढे अडलंय." आणि त्याच्या आधी एक वाक्य: "सर, मी अमुक अमुक, आठवी ब." आपलं पूर्ण नाव सांग. चौसष्ट मुलांच्या चार तुकड्या, सरांच्या डोळ्यांपुढून रोज अडीचशे पोरं जातात. ज्यांची नावं त्यांना पाठ असतात ती बहुतेक पुढच्या बाकावरची, नाहीतर फार मस्ती करणारी. तिसऱ्या बेंचवरच्या शांत मुलीचं नाव त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आठवड्यातून एकदा असं गेलीस तर सप्टेंबर संपायच्या आत "ए, तिसरा बेंच" बंद होईल. सरांकडे जायचं धाडस अगदीच होत नसेल तर आधी विज्ञानाच्या शिक्षकांकडून सुरुवात कर, तिथे बहुधा सोपं जाईल.

मराठीच्या तुकडीत जाऊ का, असं विचारलंयस. माझं मत: आत्ता ऑगस्टमध्ये नको. दोन महिने, एक चाचणी, आणि तीही उपाशी नाही पण तहानलेल्या डोक्याने दिलेली, एवढ्यावर हा निर्णय घेऊ नये. प्रथम सत्राची परीक्षा दिवाळीच्या आधी होईल. तोपर्यंत दोन पुस्तकांचा अभ्यास करून बघ. त्या परीक्षेतही प्रश्न वाचून कळत नसतील तर खुशाल मराठीची तुकडी माग आणि मान ताठ ठेवून तिकडे जा. मराठीतून गणित-विज्ञान शिकून पुढे विज्ञान शाखेला गेलेली मुलं महाराष्ट्रात लाखोंनी आहेत. त्यांना अकरावीला इंग्रजी शब्दांची जी धडपड करावी लागली ती तू आठवीत करतेयस, फरक एवढाच. मात्र शाळेत तुकडी बदलून मिळते का आणि कधीपर्यंत, हे वर्गशिक्षिकेला आत्ताच विचारून ठेव. दिवाळीनंतर विचारलंस आणि "आता नाही होत" असं उत्तर आलं, तर उगीच मन खट्टू होईल.

खरं तर मला असं ठामपणे वाटतं की ज्या वर्गात निम्मी मुलं पहिल्यांदाच इंग्रजीतून गणित शिकतायत, तिथे पहिल्या दोन महिन्यांत चाचणी घेण्याऐवजी शाळेने रोज दहा मिनिटं या शब्दांसाठी द्यावीत. हे वाचणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या दिवसाचे पाच शब्द दोन्ही भाषांत लिहून ठेवायला वेळ लागत नाही आणि मागच्या बाकावरचं एखादं पोर त्यामुळे शाळेत टिकतं.

नापास होण्याचं जे ऐकलंस ते अर्धं खरं आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवत नसत. २०१९ साली केंद्राने कायद्यात बदल केला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. पण एखाद्या विषयात कमी पडलं तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा असते, तिच्यातही नाही जमलं तरच त्याच वर्गात बसावं लागतं. आणि ते ठरतं वर्षाच्या शेवटी. जुलैतल्या घटक चाचणीच्या सात मार्कांवर कुणी नापास होत नाही. या भीतीत एक संध्याकाळही घालवू नकोस.

मैत्रिणीबद्दल मी फार सांगणार नाही, कारण ती काय विचार करते हे मला इथून दिसत नाही. ती तुला टाकून गेली असं तुला वाटतंय. कदाचित तीही नव्या वर्गात घाबरलेली असेल आणि जिथे जागा मिळाली तिथे बसली असेल. येताना-जाताना तुम्ही एकाच एसटीत असता. तिथे तिच्याशी पहिल्यासारखीच बोल, वर्गात कुठे बसतेस याचा जाब विचारू नकोस. आणि तिसऱ्या बेंचवर तुझ्या शेजारी जी बसते तिचं नाव तुझ्या सबंध पत्रात कुठेच आलेलं नाही. तिच्याशी बोललीस का?

"मी हुशार नव्हतेच का?" याला काय उत्तर देऊ? अकरा जणांत तू पहिली होतीस, ते खोटं नव्हतं आणि कुणी दयेनं दिलेलंही नव्हतं. चौसष्ट जणांत कदाचित तू पहिली येशील, कदाचित बारावी. मला खरंच वाटतं की बारावी आलीस तर त्यात बिघडत काही नाही. गावात नंबर पहिला होता म्हणून सगळे तुला ओळखायचे, आणि आता नंबरही गेला, ओळखही गेली, म्हणून तुला दुप्पट लागलंय. ओळख परत मिळवायला पहिला नंबर लागत नाही. एखाद्या परिपाठात बातम्या वाच, पंधरा दिवसांतून एकदा तरी. वाचन तुझं चांगलं आहे, आणि माइकवरून सगळ्या शाळेनं तुझं नाव एकदा ऐकलं की पुष्कळ फरक पडेल.

राहिले बाबा. त्यांना सांग. लपवलेले मार्क आठवडाभर छातीवर बसून राहतात, आणि पालक सभेत त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून कळले तर त्यांना जास्त लागेल. रविवारी त्यांचं जेवण झालं की गणित, विज्ञान आणि इतिहास असे तिन्ही पेपर एकदम त्यांच्या हातात दे. नुसता गणिताचा देऊ नकोस. मग सांग, "बाबा, इंग्रजी शब्द अडतायत म्हणून कमी पडले. मी दोन पुस्तकं घेऊन अभ्यास करणार आहे, दिवाळीच्या परीक्षेत बघू." त्यांचा चेहरा क्षणभर उतरेल, त्याला घाबरू नकोस. ते चारचौघांत तुझं कौतुक सांगतात याचा अर्थ तू त्यांना आवडतेस, सेमी आवडते असा नाही.

आणि त्याच वेळी त्यांना एक काम दे. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. सातवीला किमान ५५ टक्के लागतात, ते तुझे आहेतच, आणि आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं लागतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्यात बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न असतात आणि शालेय विषयांचे ९०. त्या नव्वदात गणिताचे फक्त २०, आणि इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल मिळून ३५. तुझा अठरा मार्कांचा इतिहास तिथे कुणीतरी मोजणार आहे. फॉर्म शाळेतूनच भरतात. तारीख वर्गशिक्षिकेला या आठवड्यातच विचार आणि बाबांना सांग, की मला उत्पन्नाचा दाखला लागणार आहे. तो तहसीलमधून मिळायला थोडे दिवस जातात, म्हणून त्यांना लवकर जाऊ दे.

– तुझी ताई